मागचा कोपरा

लाटगालेच्या त्या सरोवराकाठी, जुन्या वीटभट्टीच्या शेडमध्ये
ऑक्टोबरभर माझं काम एवढंच:
नोंदवहीत दर तासाला आच लिहायची
आणि प्रदर्शनाच्या पाट्या.
आलेल्या यादीत अकरा नावांपुढे होतं, कलाकार.
बाराव्यापुढे, कारागीर.
मी तसंच उतरवलं. अक्षर माझं चांगलं आहे.

बारावी निकानोरा.
ओआहाकाच्या डोंगरातून तीन विमानं बदलून आली,
सोबत स्वतःची माती, साखरेच्या पोत्यात.
दुभाषा स्पॅनिशचा मिळाला होता. तिची भाषा झापोटेक.
मग ती बहुतेक वेळ हसायची,
आणि लोक म्हणायचे, किती आनंदी आहे ही.

अकरा पायऱ्या चढून गेलं की
दारामागे एक कागद टाचलेला, चार भाषांत:
इथे सगळे समान आहेत.
टोरमोडने तो वाचला नव्हता.
त्याची चाकाची खुर्ची खाली, मातीच्या पिंपांपाशी.
सभा वरच व्हायच्या. वर हीटर होता.

तिसऱ्या सभेत एफुआ उठली.
कुमासीहून यायला तिला व्हिसासाठी सात महिने लागले होते,
म्हणून असेल, तिला घाई होती.
तिने तो कागद टाचणीसकट उपटला,
खाली नेला, टोरमोडच्या मांडीवर ठेवला.
म्हणाली, तपासून बघ, खरं आहे का.
त्याने वाचला. शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या.
सगळे हसले, संचालिका इनेसेबाई सोडून.
मग त्याही हसल्या, पण उशिरा,
आणि दुसऱ्या दिवसापासून सभा शेडमध्ये, कोट घालून.

त्याच संध्याकाळी निकानोराने पाटी माझ्यापुढे धरली.
मोडक्या स्पॅनिशमध्ये, दोघींच्याही मोडक्या,
विचारलं, हा शब्द काय?
सांगितला.
आणि बाकीच्यांचा?
तोही सांगितला.
फरक?
मी शोधला. हाताला लागला तो एकच: मानधनाचा.

खरं तर माझ्या भाषेत याला नेमका शब्द आहे, उतरंड.
एकावर एक रचलेली मडकी.
सगळ्यात खालच्याला कुणी विचारत नाही
तुझ्या गळ्यावर भार किती.
ज्या गावात मी हा शब्द शिकले
तिथे मडकं घरात जायचं,
कुंभार ओट्याखाली उभा.
हे मी तिला सांगितलं नाही.
स्पॅनिश पुरलं नाही, असं म्हणू या.

भट्टी रचताना कुणीतरी म्हणालं,
सगळ्यांना एकसारखी आच द्या.
सत्तरीचा आयनार्स कमरेवर हात ठेवून बघत राहिला.
मग हिची माती वितळून सांडेल, म्हणाला,
आणि त्या पोर्सेलिनला घामही फुटणार नाही.
हिला मागचा कोपरा, धुरांड्याजवळ. त्याला तोंडाशी.
मागचा म्हणजे खालचा नव्हे.
कोण कुठे पिकतं, ते ठाऊक असावं लागतं.

रात्रपाळी तिची आणि झुराबची.
तो कुताइसीचा, जन्मापासून ऐकू न येणारा.
तो ज्वाळेचा रंग बघायचा,
ती ऐकायची, लाकूड कसं बोलतंय,
आणि ओंडका हवा असला की बाकावर दोन थापा.
त्या त्याला तळव्यातून कळायच्या.
पहाटे तीननंतरची आच वहीत नाही.
दोघांच्या गप्पा रंगल्या होत्या, मध्ये कशाला बोलायचं.

पाचव्या दिवशी भट्टी उघडली.
इनेसेबाईंची उंच सुरई तडकली होती.
निकानोराच्या घटावर, पोटाशी,
एक फिकट चौकोन, तळहाताएवढा.
मला कळायला वेळ लागला.
तिने पाटी ओल्या घटाला चिकटवली होती,
वरून मातीचा पातळ लेप.
कागद जळाला, लेपातली जागा राहिली.
अक्षर एकही नाही.

मानधनाचा अर्ज मंडळाकडे पडून आहे.
बारा सह्या. तेरावी माझी, उशिराची.
पायऱ्यांवर फळ्यांचा उतार झाला,
पाऊस आला की तो निसरडा होतो.
नव्या पाट्यांवर मी नुसती नावं लिहिली.
तिच्या घटापुढे ठेवायला गेले
तर तिने हात आडवा धरला,
बोटाने तो चौकोन दाखवला.
आहे की.